जुन्या जीप-पिकअपचं स्टेअरिंग: खेळ काढला तरी परत का येतो

वरुड-मोर्शीपासून खाली यवतमाळ-वणीपर्यंत कितीतरी शेतकऱ्यांकडे महिंद्राची जुनी जीप अजून चालू आहे. मागचं टप काढून डाला बसवलेला, मूळचं पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल आलेलं, आणि काम रोजचं: संत्र्याचे कॅरेट, खताच्या गोण्या, पऱ्हाट्या, कधी विहिरीवरची मोटर. या गाड्यांची एक तक्रार माझ्याकडे सगळ्यांत जास्त येते. स्टेअरिंगमध्ये खेळ होता, म्हणजे स्टेअरिंग थोडं फिरवलं तरी चाकं हलत नव्हती, मिस्त्रीनं तो काढून दिला, दोन-तीन महिने बरं वाटलं, आणि पावसाळा संपेपर्यंत स्टेअरिंग पुन्हा हातात सैल झालं. तिच्या जोडीला दुसरी तक्रार: पस्तीस-चाळीसच्या स्पीडला एखादं चाक खड्ड्यात आपटलं की पुढची दोन्ही चाकं जोरात फडफडायला लागतात आणि गाडी जवळजवळ उभी केल्याशिवाय शांत होत नाहीत.

मग कोणीतरी सांगतं, "भाऊ, डब्बा (स्टेअरिंग बॉक्स) गेला हाये, पॉवर स्टेअरिंग टाकून घ्या." पैसे खर्च होतात, स्टेअरिंग बोटानं फिरायला लागतं, आणि सहा महिन्यांनी तीच फडफड परत येते.

पॉवर स्टेअरिंगला माझा विरोध नाही. कुठे ते घालावंच लागतं, हे पुढे लिहिलंच आहे. पण खालच्या जोडण्या सैल असताना वर पॉवर बॉक्स बसवणं धोक्याचं आहे. कारण पॉवरमध्ये रस्त्याचा धक्का हातापर्यंत फारसा येत नाही. चाकांना वळवणाऱ्या टाय रॉडचा बॉल वाटीतून निसटायला आला तरी ड्रायव्हरला काही कळत नाही. साध्या स्टेअरिंगमध्ये निदान हाताला खबर लागते.

खेळ कुठे कुठे लपतो

ही जीप मुळात अमेरिकेतल्या विलिजची. तिचं स्टेअरिंग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आखलेलं, 2.2 लिटरच्या पेट्रोल इंजिनासाठी आणि 6.00-16 च्या अरुंद टायरसाठी. स्टेअरिंग फिरवलं की बॉक्समधला कॅम (वळसेदार खाचेचा दांडा) फिरतो, त्याच्या खाचेत बसलेल्या पिना लिव्हर हलवतात, लिव्हरच्या शाफ्टवरचा ड्रॉप आर्म ड्रॅग लिंक ढकलतो. जुन्या मॉडेलांत ही ड्रॅग लिंक सरळ चाकाकडे जात नाही. पुढच्या अ‍ॅक्सलवर मधोमध एक बेलक्रँक, म्हणजे पिनवर फिरणारा लिव्हर असतो, त्याला ती ढकलते, आणि बेलक्रँकवरून दोन वेगळे टाय रॉड डाव्या-उजव्या चाकाकडे जातात. चार टाय रॉड एंड, ड्रॅग लिंकची दोन टोकं, बेलक्रँकची पिन, बॉक्सच्या पिना, खाली किंगपिनची (ज्या उभ्या पिनेवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिची) बेअरिंगं आणि हबची (ज्यावर चाक गरगर फिरतं त्याची) बेअरिंगं. प्रत्येक ठिकाणचा केसभर खेळ एकत्र होऊन स्टेअरिंगवर तीन-चार इंचांचा होतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 98 वा नियम यावर स्पष्ट आहे: स्टेअरिंग व्हीलवर 30 अंशांपेक्षा जास्त खेळ नको, जोडण्यांच्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात, आणि नट-बोल्ट आपोआप सुटणार नाहीत असे लॉक केलेले हवेत. सतरा इंची स्टेअरिंगवर 30 अंश म्हणजे कडेवर साधारण साडेचार इंच. ही कायद्याची शेवटची हद्द झाली. तीन इंचांच्या पुढे गेलेली गाडी मी दुरुस्त केल्याशिवाय हायवेवर काढू देत नाही.

आधी शोधा, मग पाना हातात घ्या

गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकं जमिनीवरच राहू द्या, इंजिन बंद. एकानं स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं, भरभर हलवत राहायचं. दुसऱ्यानं खाली शिरून एकेका जोडावर पंजा ठेवायचा, अर्धा एका तुकड्यावर, अर्धा दुसऱ्यावर. दोन तुकडे एकाच वेळी हलतात की एक आधी आणि दुसरा मागून, हे बोटांना लगेच कळतं. डोळ्यांना दिसत नाही असा खेळही असा सापडतो. चाकं जॅकवर उचलून ही तपासणी करू नका. वजन नसलं की अर्धे जोड आपले दोष दाखवतच नाहीत.

बॉक्सपासून सुरुवात करा. स्टेअरिंग हलतंय पण ड्रॉप आर्म हलत नाही, एवढा भागच बॉक्सचा खेळ. बरेचदा तो एक-दीड इंच निघतो आणि बाकीचा सगळा खाली असतो. बॉक्स चासीला जिथे बोल्टनं बसतो तिथेही हात ठेवा. बॉक्स स्वतःच चासीवर हलत असेल तर आतली कितीही दुरुस्ती वाया.

मग जॅक लावा, स्टँड लावा, आणि चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर हबचं बेअरिंग सैल आहे. राहिला तर किंगपिन. या एका खुणेनं खूप पैसे वाचतात, कारण आपल्याकडे हबचा नट आवळण्याऐवजी किंगपिन किट टाकलं जातं, किंवा उलट.

खेळ परत येण्याची खरी कारणं

पहिलं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते सगळ्यांत जास्त चुकतं. बेलक्रँकचं किट बाजारात मिळतं: पिन, बेअरिंग, सील. मिस्त्री किट बदलतो, खेळ जातो. पण पिन ज्या भोकात बसते ते अ‍ॅक्सलवरच्या ब्रॅकेटचं भोक वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी लांबट झालेलं असतं. नवी गोल पिन लांबट भोकात क्लॅम्पच्या बोल्टवर आवळून बसवली की काही दिवस घट्ट वाटते. पहिल्या पावसात पांदण रस्त्याच्या चाकोरीत चाकं आपटायला लागली की ती पुन्हा डुलते. पिन काढल्यावर भोकात बोट फिरवून पाहा. कडेला धार किंवा पायरी लागली तर किट टाकण्यात अर्थ नाही. ते भोक रीमरनं गोल करून बुश दाबावा लागतो किंवा लेथवर जाड पिन करून घ्यावी लागते. चांगला लेथवाला हे काम करतो, फक्त त्याला अ‍ॅक्सलवरच माप घेऊ द्या. जुनी पिन नमुना म्हणून नेऊन दिली तर तो झिजलेल्याच मापाची पिन करून देईल.

दुसरं कारण आपल्या मातीत आहे. काळी माती टाय रॉड एंडच्या फाटक्या टोपीतून आत जाते, ओल धरून ठेवते, आणि ग्रीसमध्ये मिसळून बॉल घासत राहते. पावसाळ्याआधी टोप्या बदलायच्या आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला निपलमधून जुनं काळं ग्रीस पूर्ण बाहेर येईपर्यंत नवं भरायचं, एवढं केलं तरी टाय रॉड एंडचं आयुष्य बरंच वाढतं. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उभ्या गाडीच्या टोप्या कडक होऊन तडकतात, त्यामुळे रोहिण्या लागायच्या आत एकदा खाली वाकून पाहणं आलंच.

याच मातीचं आणखी एक काम आहे, आणि फडफडीच्या तक्रारीत ते मी सगळ्यात आधी पाहतो. वावरातून निघाल्यावर रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा थर चिकटतो आणि उन्हानं दगडासारखा वाळतो. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं. एका बाजूला पाव-अर्धा किलो माती चिकटलेलं चाक चाळीसच्या स्पीडला थरथरणारच. खुरप्यानं आतली माती काढा आणि मगच पुढचा विचार करा. काही गाड्यांची फडफड एवढ्यावरच थांबलेली मी पाहिली आहे.

तिसरं कारण बॉक्सच्या आतलं. सील गळतं म्हणून ऑइलऐवजी चाकाचं घट्ट ग्रीस ठासून भरायची पद्धत पडली आहे. ते ग्रीस कॅमच्या खाचेतून बाजूला सरकतं आणि परत वाहून येत नाही. खाच कोरडी चालते, पिना चपट्या होतात. सील बदला आणि 90 किंवा 140 नंबरचं गिअर ऑइलच घाला.

बॉक्सच्या बाजूच्या झाकणावर लॉकनटसह एक स्क्रू असतो. खेळ काढायला सगळे तोच आवळतात. तो आवळताना चाकं सरळच असली पाहिजेत, कारण कॅम मध्यभागी मुद्दाम घट्ट ठेवलेला असतो, म्हणजे सरळ चालताना खेळ कमीत कमी राहावा. चाक वळवलेलं असताना स्क्रू आवळला तर सरळ आल्यावर बॉक्स अडतो. आणि गाडी इतकी वर्षं बहुतेक वेळ सरळच चालल्यानं कॅम मधे झिजला असेल, तर मधला खेळ काढला की वळणावर स्टेअरिंग जड होतं. वळणावरून स्टेअरिंग आपोआप सरळ यायचं बंद झालं की समजा, हा स्क्रू जास्त आवळला गेला आहे. अशा बॉक्सला नवा कॅम आणि लिव्हर हवा, किंवा बॉक्सच बदलायला हवा.

चौथं कारण पाटे (लीफ स्प्रिंग). लोड घ्यायचा म्हणून मागे जादा पाटे घातले जातात, गाडी रिकामी असताना नाकावर झुकते, आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन. विलिजच्या मूळ मापात तो 3 अंश आहे. कॅस्टर शून्याकडे गेला की स्टेअरिंग सरळ धरून ठेवत नाही, गाडी हायवेवर डावी-उजवीकडे हुंगत चालते, आणि माणसाला वाटतं खेळ वाढला. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचर टाकून कॅस्टर परत आणता येतो. दोन अंशांची पाचर सहसा पुरते. जास्त कॅस्टर दिला तर फडफड वाढते, म्हणून हात आखडता ठेवा. पाचर टाकल्यावर यू-बोल्ट काही दिवसांनी पुन्हा आवळायचे. पाट्याच्या टोकाच्या शॅकलच्या (हलत्या जोडाच्या) झिजलेल्या बुशांमुळेही अ‍ॅक्सल आडवा सरकतो आणि स्टेअरिंगला तो खेळच वाटतो.

टो-इनचं, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत झुकलेली आहेत याचं माप घरी घेता येतं. पुढची चाकं उचला, फिरवत असताना टायरच्या मधोमध खडूनं किंवा खिळ्यानं एक बारीक रेघ ओढा, गाडी खाली घ्या, थोडी पुढे ढकला. मग दोन रेघांमधलं अंतर टायरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर कमी हवं. बेलक्रँकच्या गाडीत दोन टाय रॉड स्वतंत्र असतात, त्यामुळे आधी बेलक्रँक बरोबर मध्यात आणायचा आणि मग दोन्ही चाकं सारखी जुळवायची. एकाच बाजूचा रॉड फिरवून माप बसवलं तर गाडी एका बाजूला कमी वळते.

स्टेअरिंग डॅम्परबद्दल (चाकांची फडफड दाबणाऱ्या शॉकबद्दल) विचारणा होते. डॅम्पर चांगली वस्तू आहे, पण सैल किंगपिनवर डॅम्पर लावणं म्हणजे ताप असताना नुसती गोळी घेणं. फडफड दबते, झीज चालूच राहते. सगळं घट्ट केल्यावर, खडबडीत रस्त्यासाठी म्हणून जरूर लावा.

आता बदल करायचाच असेल तर

वरचं सगळं झालं, तरी काही गाड्यांचं स्टेअरिंग जडच राहतं. डिझेल इंजिनाचं वजन पुढच्या अ‍ॅक्सलवर आलेलं असतं आणि रुंद टायर बाहेर काढलेल्या रिमवर बसवलेले असतात. असं रिम किंगपिनच्या रेषेपासून टायरला लांब नेतं, त्यामुळे प्रत्येक खड्डा स्टेअरिंगला जास्त झटका देतो. आधी मूळ मापाचे अरुंद टायर लावून पाहा. शेतात ते मातीत कापत जातात आणि स्टेअरिंगही हलकं होतं.

माझी शिफारस दोन टप्प्यांची आहे. पहिला टप्पा बेलक्रँक काढून टाकण्याचा: एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच सलग टाय रॉड, आणि ड्रॅग लिंक थेट नकलच्या (किंगपिनवर चाकासकट वळणाऱ्या भागाच्या) आर्मला. जोडांची संख्या कमी होते आणि लांबट भोकाचा प्रश्नच संपतो. यासाठी दोन टेपर (निमुळत्या) भोकांचा आर्म लागतो, तो नंतरच्या मॉडेलचा शोधावा. टाय रॉड पाट्यांना किंवा डिफरन्शियलला लागत नाही ना, हे स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, आणि पाटे पूर्ण दबलेले असतानाही पाहायचं. ड्रॅग लिंक गाडी भरलेली असताना जवळजवळ आडवी राहिली पाहिजे. ती तिरकी असेल तर पाटा दबला की स्टेअरिंग आपोआप फिरतं.

दुसरा टप्पा बॉक्सचा. नंतरच्या मॉडेलांचा बॉलवाला (आत छऱ्यांवर चालणारा) साधा, बिनपॉवरचा बॉक्स कॅमच्या बॉक्सपेक्षा बराच हलका चालतो. शेत आणि बाजार समिती एवढीच फेरी असलेल्या गाडीला तो पुरेसा आहे, असं माझं ठाम मत आहे. पंप नाही, पाइप नाही, गळती नाही. पॉवर मी त्यांनाच सुचवतो ज्यांची गाडी जड डिझेलची आहे आणि रोज हायवेवर लोड घेऊन जाते, किंवा ज्यांच्या खांद्यांना आता जोर झेपत नाही.

बॉक्स दुसऱ्या गाडीचा आणणार असाल तर वेल्डिंगच्या आधी त्याची दिशा तपासा. ड्रॉप आर्म पुढे तोंड करून चालणारा बॉक्स मागे तोंड करून बसवला तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवल्यावर चाकं डावीकडे वळतील. हातानं फिरवून, आर्म लावून, डोळ्यांनी पाहूनच जागा ठरवा. या जीपची चासी पुढे पातळ पत्र्याच्या चॅनेलची आहे. पॉवर बॉक्सचा जोर तिला सोसत नाही, बोल्टच्या भोकांपासून तडे जातात. किमान सहा मिलिमीटरची प्लेट चॅनेलच्या दोन बाजूंना धरेल अशी लावा, आणि बोल्टसाठी चॅनेलच्या आत पाइपाचे तुकडे घाला म्हणजे आवळताना चॅनेल दबणार नाही. वेल्डिंगची रेघ चासीला आडवी ओढू नका, कारण तडा तिथूनच सुरू होतो.

आता एक गोष्ट जीव तोडून सांगतो. ड्रॉप आर्म तापवून वाकवू नका. ड्रॅग लिंक कापून मध्ये पाइप घालून वेल्ड करू नका. गावाकडच्या गॅरेजांत हे रोज होतं, कारण माप जुळत नाही आणि नवा तुकडा नागपूरहून आणायला दोन दिवस जातात. हे भाग घडीव पोलादाचे असतात, तापवल्यावर त्यांची ताकद बदलते आणि तुटताना आधी सूचना मिळत नाही. बरोबर मापाचा आर्म नागपूर-अमरावतीत मिळाला नाही तर दिल्लीच्या कश्मिरी गेटच्या बाजारातून मागवा. गाडी आठवडाभर उभी राहिली तरी चालेल.

पंपाची पुली इंजिनाच्या पुलीशी एका रेषेत हवी, नाहीतर पट्टा उडतो. ट्रॅक्टरचं इंजिन बसवलेलं असेल तर त्याची आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालण्याचा वेग) कमी असते, त्यामुळे उभ्या गाडीत स्टेअरिंग जड लागेल. पंपाला थोडी लहान पुली लावली की सुधारतं. दाबाच्या बाजूचा पाइप कारखान्यात क्रिंप केलेलाच (टोकं मशीननं दाबून बसवलेलाच) घ्या, क्लिप फक्त परतीच्या पाइपाला चालते. ऑइल भरल्यावर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत राहा, फेस बंद होईपर्यंत टाकीत भर घाला, आणि मगच इंजिन चालू करा. नकलवरचे स्टॉप असे लावा की चाक आधी स्टॉपला टेकेल, बॉक्स टोकाला जाणार नाही. पूर्ण वळवून पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवलं तर पंप तापतो.

कागदपत्रांचं आधी पाहा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, म्हणून चासीला हात लावण्याआधी आरटीओत विचारून घ्या. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुन्हा करताना तपासणी होतेच. आणि गाडी पन्नास वर्षांवरची असून 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल, तर चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. अशा गाडीला नंबरात व्हीए अक्षरं मिळतात, पण ती नेहमीच्या किंवा धंद्याच्या वाहतुकीला वापरता येत नाही. मूळचं इंजिन आणि मूळची चासी शाबूत असलेली गाडी तुमच्याकडे असेल तर तिच्यावर प्लेट वेल्ड करण्याआधी हा विचार नक्की करा. तिच्यासाठी कॅम, लिव्हर आणि बेलक्रँक मूळ मापात नवे करणं हाच चांगला रस्ता आहे.

काम झाल्यावर प्रत्येक टाय रॉड एंडच्या नटाला नवी स्प्लिट पिन. जुनी सरळ करून किंवा तारेचा तुकडा वाकवून घालू नका. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर बॉक्सचे बोल्ट, ड्रॉप आर्मचा नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळा, आणि पहिल्या चिखलाच्या फेरीनंतर पुन्हा एकदा खाली शिरून प्रत्येक जोडावर हात ठेवून पाहा.